अंगणातल्या पाण्यालाही कठडा हवा

डोळ्यांसमोर एक घर आणा. शहराबाहेरचा नवा बंगला. दहा वर्षे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये काढल्यावर नवरा-बायकोने हौसेने बांधलेला. मागच्या बाजूला हिरवळ आणि हिरवळीला लागून निळ्या टाइल्सचा छोटासा जलतरण तलाव. घरात सात वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि आजी.

रविवार आहे, पाहुणे आले आहेत. सकाळी मुले मनसोक्त डुंबली. आता पोहणे संपले, टॉवेल वाळत पडले आणि मोठी माणसे व्हरांड्यात जेवायला बसली. श्रीखंडाचा आग्रह चालला आहे. आईला वाटते, मुलगी बाबांजवळ आहे. बाबांना वाटते, ती आजीजवळ आहे. आजीचा समज असा, की सुनेने तिला आत नेऊन झोपवले असेल. आणि ती मात्र एकटीच हिरवळीवरून चालली आहे, कारण सकाळी खेळताना राहून गेलेला तिचा लाल चेंडू अजून पाण्यावर तरंगतो आहे.

या चित्रात बेजबाबदार असे कुणीही नाही. घरात दहा मोठी माणसे आहेत आणि त्या मुलीवर सगळ्यांचाच जीव आहे. तरीही पुढच्या दोन मिनिटांत काय होईल, हे एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. ती म्हणजे, हिरवळ आणि पाणी यांच्यामध्ये तिला उघडता न येणारे एखादे फाटक आहे की नाही.

एके काळी घरचा जलतरण तलाव फक्त हिंदी सिनेमातल्या शेठजींच्या बंगल्यात दिसायचा. आता तसे राहिलेले नाही. लोणावळा, कर्जत, अलिबागकडची सुट्टीची घरे असोत, नाहीतर इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरूच्या बाहेर उभ्या राहिलेल्या बंगल्यांच्या वसाहती, पाण्याचा तो निळा चौकोन अनेकांच्या आवाक्यात आला आहे. ज्यांना तो बांधणे शक्य नाही, ते दोन दिवसांसाठी तलाव असलेला बंगला भाड्याने घेतात किंवा गच्चीवर प्लॅस्टिकचा फुगवायचा तलाव मांडतात. मुलांच्या आनंदाला त्या दिवशी पारावार नसतो. तो आनंद खराच आहे आणि तो नाकारण्याचे काही कारण नाही. पण तलाव घरी आणताना टाइल्सचा रंग, पाण्यातले दिवे, भोवतीच्या खुर्च्या यांवर जेवढी चर्चा होते, तेवढी कुंपणावर होत नाही. उलट "कुंपण घातले तर शोभा जाईल" एवढ्या एका वाक्यावर तो विषय संपतो.

पोहण्याची वेळ आणि बाकीची वेळ

आपली सर्वसाधारण समजूत अशी, की मुले पाण्यात उतरली की धोका सुरू होतो आणि बाहेर आली की संपतो. लहान मुलांच्या बाबतीत बरेचदा याच्या उलट घडते. घरगुती तलावांत बुडालेल्या पाच वर्षांखालील मुलांची पाहणी अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा आयोगाने पूर्वी केली होती. त्यात असे आढळले, की यांतली बहुतेक मुले त्या वेळी तलावाजवळ असतील, याची घरच्यांना कल्पनाच नव्हती. त्यांतली पुष्कळशी मुले तर पाचच मिनिटांपूर्वी घरातल्या कुणाला तरी दिसली होती.

याचे कारण उघड आहे. पोहण्याच्या वेळी सगळ्यांचे डोळे पाण्यावर असतात. पोहणे संपले की डोळे दुसरीकडे वळतात, पाणी मात्र जागच्या जागीच असते. कुणी फोन घेते, कुणी कुकर उतरवायला जाते, कुणी दारावरची बेल ऐकून उठते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला तेवढा वेळ पुरतो.

दुसरी चुकीची समजूत आवाजाबद्दलची. सिनेमात बुडणारा माणूस हात वर करून "वाचवा, वाचवा" म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात लहान मूल बहुधा निःशब्दपणे बुडते. श्वास घ्यायलाच तोंड पाण्याबाहेर राहत नाही, तिथे ओरडणार कसे? हात हलवून बोलावणेही त्याला जमत नाही. मिनिटभरात, कधी त्याच्याही आत ते पाण्याखाली जाते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. म्हणून "काही झाले तर आवाज येईलच" या भरवशावर आत बसून राहणे धोक्याचे आहे. घरात लहान मूल असेल आणि अचानक सगळे शांत झाले असेल, तर पहिली धाव पाण्याकडे घ्यावी, खोल्या नंतर शोधाव्यात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. यांतले बहुतेक मृत्यू घरगुती तलावात नव्हे, तर तळी, नद्या, विहिरी आणि पाण्याच्या टाक्या यांत होतात. पण लहान मूल आणि उघडे पाणी यांच्यात काही क्षण कुणीही नसणे, हे कारण सगळीकडे सारखेच आहे. बांगलादेशात गावागावांतून 'आँचल' नावाची पाळणाघरे चालवली गेली, ती याच विचाराने. आई कामात गुंतलेली असते त्या सकाळच्या तासांत लहान मुलांना तिथे एका ताईच्या नजरेखाली ठेवले जाते. या साध्या उपायाने बुडण्याच्या घटना खूप कमी झाल्या.

कुंपण कसे असावे?

ज्या देशांत घरोघरी तलाव आहेत, ते हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकले. न्यूझीलंडने १९८७ मध्ये घरगुती तलावांना कुंपण घालण्याचा कायदा केला. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने १९९२ मध्ये तसाच कायदा आणला. फ्रान्समध्ये २००३ च्या कायद्याने कुंपण, धोक्याची घंटा, मजबूत आच्छादन किंवा छत यांपैकी एक तरी व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडे हा निर्णय बहुधा घरमालकाच्याच विवेकावर सोडलेला असतो. म्हणून तो तलाव बांधण्याच्या आधीच, नकाशावर घ्यावा. या देशांच्या अनुभवातून पुढे आलेल्या गोष्टी अशा:

• कुंपण चारही बाजूंनी हवे. तीन बाजूंना कुंपण आणि चौथ्या बाजूला घराची भिंत, हा अर्धवट उपाय झाला. कारण लहान मूल तलावाकडे बहुधा घरातूनच जाते, तेही हॉलच्या सरकत्या काचेच्या दारातून.

• उंची किमान १.२ मीटर, म्हणजे चार फूट असावी. दोन गजांमधील फट १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि कुंपणाखालूनही तेवढी जागा राहता कामा नये.

• मुलांना पाय रोवता येईल असे आडवे गज नकोत, उभे असावेत. कुंपणावर वेल चढवू नये. कुंड्या, खुर्च्या, एअर कंडिशनरचा बाहेरचा डबा कुंपणाला खेटून ठेवू नये. तीन वर्षांच्या मुलाला खुर्ची ओढत नेता येते, हे प्रत्येक आईला माहीत असते.

• फाटक पाण्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे बाहेर उघडणारे असावे. हात सोडला की स्प्रिंगने आपोआप बंद व्हावे आणि कडीही आपोआप पडावी. कडी जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर असावी.

• फाटकाला वीट किंवा कुंडी लावून ते उघडे ठेवायचे नाही, हा नियम माळ्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना सांगावा. ताटे-वाट्यांची ने-आण सोपी जावी म्हणून "पाचच मिनिटे" उघडे ठेवलेले फाटक म्हणजे नसलेले फाटक.

शोभेचेच म्हणाल, तर जाड काचेचे किंवा बारीक उभ्या गजांचे कुंपणही देखणे दिसते. आणि मुले मोठी झाली की ते काढता येते. शेजारची, नात्यातली लहान मुले येत-जात असतील, तर मात्र राहू द्यावे.

पोहणे झाल्यावर चेंडू, हवेचे बदक, खेळण्यातल्या होड्या पाण्यात ठेवू नयेत. मूल पाण्याकडे जाते ते बहुतेक वेळा त्या खेळण्याच्या ओढीने.

सगळे पाहतात, म्हणजे कुणीच पाहत नाही

कुंपण असले तरी मुले पाण्यात असताना नजर हवीच. आणि ती एका नेमून दिलेल्या मोठ्या माणसाची हवी. दहाजण काठावर बसले असतील, तर प्रत्येकाला वाटते, बाकीचे नऊजण पाहत आहेत. यावर सोपा उपाय आहे. घरात एक शिट्टी ठेवा. ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याची पाळी. पंधरा-वीस मिनिटांनी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. तोवर त्या व्यक्तीने मोबाइल बघायचा नाही, वाचायचे नाही, गप्पांत रमायचे नाही आणि मद्य घेतलेल्या माणसाने ही पाळी घ्यायचीच नाही. पाच वर्षांखालील मूल पाण्यात असेल, तर मोठ्या माणसाने स्वतःही पाण्यात, त्याला हात पोहोचेल इतक्या अंतरावर असावे.

हे काम मोठ्या भावंडावर टाकू नये. सात वर्षांच्या दादाला "ताईकडे लक्ष ठेव" म्हणणे सोपे आहे, पण तो स्वतःच मूल आहे. आणि काही झाले, तर त्या अपराधाचे ओझे त्याला आयुष्यभर वागवावे लागेल. स्वयंपाक, भांडी सांभाळून "मुलांकडेही बघ" असे कामवाल्या बाईंना सांगणेही तितकेच चूक आहे.

मुलांना पोहायला शिकवावे का? अवश्य शिकवावे. आपल्या खेड्यांत पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून मुलांना विहिरीत पोहायला शिकवत, त्यामागे हाच शहाणपणा होता. वर्षाच्या पुढच्या अनेक मुलांना पोहण्याच्या धड्यांचा फायदा होऊ शकतो, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये म्हटले आहे. पण त्याच संघटनेने हेही बजावले आहे, की पोहायला येते म्हणून मूल बुडणारच नाही, असे नसते. उन्हाळ्याच्या शिबिरात महिनाभर शिकलेले मूल कपड्यांसह, बूट घालून, घाबरलेल्या अवस्थेत पाण्यात पडले, तर शिकलेले आठवेलच याची खात्री नाही. दंडाला बांधायचे हवेचे फुगे आणि रबरी कडी तर खेळणी आहेत. ती निसटतात, त्यांतली हवा जाते आणि आईवडिलांना मात्र खोटा धीर देतात.

तळाची जाळी, वीज आणि औषधे

तलावातले काही धोके डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी गाळण्याच्या यंत्राकडे जाते ती तळाची जाळी हा त्यांतला एक. मोटारीच्या ओढीने केस, कपडा किंवा शरीर त्या तोंडाला चिकटून बसू शकते. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये अशीच पाण्याखाली अडकून दगावली. तिच्या आईने सतत पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये त्या मुलीच्याच नावाने सुरक्षेचा कायदा झाला. आपल्या घरी एवढे तरी पाहावे: जाळी फुगीर आणि घट्ट बसलेली असावी, ओढीचे तोंड एकच नसून एकमेकांपासून दूर अशी दोन असावीत, जाळी फुटली किंवा निघाली असेल तर त्या दिवशी कुणीही पाण्यात उतरू नये. मुलींचे लांब केस बांधावेत. मोटारीचे बटन कुठे आहे, ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असावे.

पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे असावेत. तलावाच्या विजेच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे संरक्षक बटन बसवून घ्यावे. क्लोरीनची पावडर आणि आम्ल वेगवेगळ्या जागी, कुलुपात ठेवावे. ही दोन एकत्र आली तर विषारी वायू तयार होतो. औषध नेहमी पाण्यात टाकावे, औषधावर पाणी ओतू नये. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान आणि मोकळा क्लोरीन दशलक्ष भागांत १ ते ३ भाग असेल, तर पाणी साधारणपणे ठीक समजावे. हे तपासायच्या पट्ट्या बाजारात मिळतात. मुलाला जुलाब होत असतील, तर त्याला पाण्यात उतरवू नये.

पाण्याचा हिशेबही मांडायला हवा. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात ३८,४०० लिटर पाणी मावते. म्हणजे १० हजार लिटरचे जवळजवळ चार टँकर. २०२४ च्या मार्च महिन्यात पाणीटंचाईमुळे बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने जलतरण तलावांत पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घातली होती. उन्हाळ्यात आपल्याही अनेक गावांची तीच स्थिती असते. म्हणून पाणी वारंवार बदलण्यापेक्षा ते नीट गाळून, शुद्ध करून वर्षभर टिकवणे शहाणपणाचे. मात्र बाष्पीभवन थांबवण्यासाठी पाण्यावर सैल प्लॅस्टिक अंथरू नये. मूल त्यावर पाय देते आणि खाली जाते, वरून कुणाला दिसतही नाही.

पावसाळ्यात वापर बंद असलेल्या तलावाकडे तर दुहेरी लक्ष हवे. हिरव्या पडलेल्या पाण्याचा तळ दिसत नाही आणि आत कुणी पडले तरी कळत नाही.

भाड्याचा बंगला, गच्चीवरचा टब

सुट्टीसाठी बंगला भाड्याने घेताना आपण खोल्या, जेवण, गाडी ठेवायची जागा विचारतो. लहान मुले बरोबर असतील, तर पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा. तलावाला कुंपण आहे का? खोल्यांची दारे थेट तलावाकडे उघडतात का? त्यांना वर कडी आहे का? खोली किती आहे? पोहोचल्यावर सामान उतरवण्याआधी तलाव पाहून यावा आणि एका मोठ्या माणसाने त्या गडबडीत फक्त मुलांकडे पाहावे. नव्या जागेतला पहिला तास फार फसवा असतो. मोठी माणसे पिशव्यांत गुंतलेली असतात आणि मुलांना मात्र पाणी दिसलेले असते.

गच्चीवरचा फुगवायचा टब खेळ संपताच रिकामा करून पालथा घालावा. त्यामुळे डासही होत नाहीत. रांगणारे मूल बादलीतल्या वीतभर पाण्यातही डोके खाली जाऊन गुदमरू शकते. तेव्हा ज्यांच्या घरी तलाव नाही, त्यांनीही आपली न्हाणीघरे, हौद आणि जमिनीतल्या टाक्यांची झाकणे आजच तपासावीत.

वेळ आलीच तर

मूल बाहेर काढल्यावर त्याला उलटे धरून गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे असे प्रकार आपल्याकडे अजून होतात. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी, अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. अशा वेळी मुलाला सर्वांत आधी हवी असते, हवा.

एकाने लगेच ११२ किंवा १०८ ला फोन लावावा. मुलाला पाठीवर निजवून त्याचा श्वास पाहावा. श्वास चालू नसेल, तर डोके किंचित मागे करून, हनुवटी उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने सुरुवातीला दोन ते पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी, छातीच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश खोलीपर्यंत, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने दाब द्यावेत. ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत थांबू नये. मूल शुद्धीवर आले, रडले, तरी रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

हे वाचून हात बसत नाही. त्यासाठी प्रथमोपचाराच्या वर्गात एक दिवस घालवावा लागतो. ज्या घरात तलाव बांधायला लाखो रुपये खर्च होतात, तिथे आई-बाबा, आजी-आजोबा आणि घरी काम करणारी माणसे यांनी तो एक दिवस जरूर काढावा.

आपल्या जुन्या वाड्यांत, मळ्यांत विहिरी होत्या, आड होते. त्यांना कठडा बांधताना शोभा जाईल का, असे कुणी विचारले नाही. बिनकठड्याची विहीर दिसली, की येणारा-जाणारा मालकाला चार शब्द सुनावून जाई. मग त्याच घरातल्या नातवंडांच्या अंगणात पाच फूट खोल पाणी उघडे दिसते, तेव्हा येणारे पाहुणे "किती सुरेख!" एवढेच का म्हणतात? टाइल्स निळ्या असल्या, तरी पाणी तेच आहे.

आता पुन्हा त्या रविवारच्या जेवणाकडे या. फक्त एक फरक करा. हिरवळ आणि पाणी यांच्यामध्ये चार फुटांचे कुंपण आहे आणि फाटक बंद आहे. मुलगी फाटकापाशी येते. ढकलून पाहते. कडीपर्यंत हात पोहोचत नाही. मग दोन्ही हातांनी गज धरून ती जोरात हाक मारते, "बाबा, माझा चेंडू!"

श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून बाबा उठतात. चेंडू काढून देतात, फाटक आपोआप बंद झाले का ते एकदा हलवून पाहतात आणि मुलीला कडेवर घेऊन पुन्हा पंगतीत येऊन बसतात. कुणाच्या लक्षातही येत नाही, की आत्ता काही घडता घडता राहिले आहे.